ऑटोपियाला जाताय? मुंबईकरांकडून नेहमी येणारे प्रश्न

माझे दीर आणि जाऊबाई कॅलिफोर्नियात अर्वाइनला राहतात. तिथून ॲनाहाइमचं डिस्नेलँड गाडीने जवळच आहे, त्यामुळे आमचं दोनदा जाणं झालं. पहिल्यांदा २०१९ च्या मे महिन्यात, तेव्हा लेक चार वर्षांची होती. दुसऱ्यांदा २०२४ मध्ये, तेव्हा ती नऊची होती. तेव्हापासून मुलुंड ते डोंबिवली ओळखीतलं कोणीही तिकडे निघालं की मला फोन येतो आणि कसं कोण जाणे, बोलणं त्या छोट्या गाड्यांच्या राइडवर येतं. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढलंय.

ऑटोपिया म्हणजे नेमकं काय?

डिस्नेलँडच्या टुमॉरोलँड भागात लहान आकाराचे रस्ते आहेत. वळणं, पूल, झाडी, पाट्या सगळं खऱ्यासारखं. त्यावर पेट्रोलवर चालणाऱ्या बुटक्या उघड्या गाड्या आपण स्वतः चालवत एक फेरी मारायची. फेरी पाच मिनिटांच्या आसपास संपते. नाव ‘ऑटो’ आणि ‘यूटोपिया’ या दोन शब्दांची जोड आहे. म्हणजे मोटारींचं स्वप्ननगर.

म्हणजे जत्रेतली डॅशिंग कारच ना?

नाही, आणि हा गैरसमज इथेच सोडून विमानात बसा. डॅशिंग कारमध्ये एकमेकांना ठोकण्यातच मजा असते. इथे ठोकायला मनाई आहे, तशा सूचनाही सतत देतात. तरी मागच्या गाडीतल्या कुठल्यातरी उत्साही पोराचा धक्का बसतोच. गाड्यांना त्यासाठीच भक्कम बंपर लावलेले आहेत. मान मात्र सैल सोडून बसू नका.

गाडी खरंच चालवता येते, की नुसतं स्टिअरिंग फिरवायचं नाटक?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे.

गाडी पुढे न्यायची की थांबवायची, हे पूर्ण तुमच्या पायात आहे. पेडल एकच. दाबलं की गाडी चालते, सोडलं की आपोआप ब्रेक लागतो. क्लच नाही, गिअर नाही. स्टिअरिंगही खरंच चाकं वळवतं. पण रस्त्याच्या मधोमध लोखंडी पट्टी बसवलेली आहे आणि गाडी तिच्या दोन्ही बाजूंना चाकं टाकून जाते. तुम्ही डावीकडे फार गेलात की खाली खट्ट करून काहीतरी अडतं आणि गाडी जागेवर येते. मग उजवीकडे गेलात की तिकडून खट्ट. नवखा माणूस पूर्ण फेरीभर असा पट्टीच्या या बाजूवरून त्या बाजूवर हेलकावत जातो.

गंमत अशी की नीट चालवायचं ठरवलं तर हा खट्ट टाळता येतो. वळणाच्या थोडं आधी स्टिअरिंग हलवायचं, थोडंसंच हलवायचं आणि वळण संपायच्या आत सरळ करायला लागायचं. माझ्या लेकीला हे तिसऱ्या वळणावर उमगलं. तोवर ती दात ओठ खाऊन चाक गरागरा फिरवत होती. मग एकदम गप्प झाली, हात हलके झाले आणि पुढची दोन वळणं एकही आवाज न होता पार पडली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा ठाण्याच्या पुलावर ट्रकच्या मागे क्लच नीट सोडला होता, तेव्हा माझा चेहरा असाच झाला असणार.

वेग ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या घरात. मरीन ड्राइव्हवर सकाळी धावणारा फिट माणूस तुम्हाला मागे टाकेल. पण आसन जमिनीलगत आहे, वर छप्पर नाही आणि पाठीमागे इंजिन धडधडतंय, त्यामुळे बसलेल्याला वेग आहे त्यापेक्षा बराच जास्त वाटतो.

डावीकडून चालवायचं की उजवीकडून? अमेरिकेत उलटं असतं ना?

मधली पट्टी आहे म्हटल्यावर डावं-उजवं कुणी विचारत नाही.

मुलांना उंची किती लागते?

बसायला ३२ इंच, म्हणजे साधारण ८१ सेंटिमीटर. एकट्याने चालवायला ५४ इंच, म्हणजे १३७ सेंटिमीटर. मधल्या उंचीच्या मुलांबरोबर ५४ इंच पूर्ण असलेलं कोणीतरी बसायला हवं. सात वर्षांखालच्या मुलाबरोबर चौदा किंवा त्याहून मोठ्या वयाची व्यक्ती लागते. बरोबर बसलात तरी स्टिअरिंग मुलाच्या हातात देता येतं. मुलाचा पाय पोचत नसेल तर पेडल तुम्ही दाबायचं. चार वर्षांच्या लेकीबरोबर आम्ही असंच केलं. ती चाक फिरवत होती, मी पाय सांभाळत होते, आणि घरी आल्यावर तिने सगळ्यांना सांगितलं की आईला गाडीतून तिने फिरवलं.

आता कळकळीची विनंती. उंची निघायच्या आधी घरी मोजा, पायात काही न घालता, दाराच्या चौकटीला पाठ लावून. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा लेक १३४ सेंटिमीटर होती. तीन सेंटिमीटर कमी! मला वाटलं होतं, एवढं कोण बघतंय. बघतात. ती आधीच सगळ्या वर्गाला सांगून आली होती की मी एकटी चालवणार. चूक माझी, मी मोजलंच नव्हतं. तिथे मोजपट्टीजवळ उभं राहून अंबाडा उंच बांधण्याची आयडिया करू नका. मी विचार केला होता, म्हणून सांगते.

लायसन्स लागतं का?

नाही. पूर्वी मुलांना आठवण म्हणून कागदी लायसन्स मिळायचं, नाव लिहायला जागा असलेलं. कुणाच्या घरी जुनं सापडलं तर टाकून देऊ नका.

एवढी जुनी-जुनी म्हणतात, म्हणजे किती?

१७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड सुरू झालं, त्याच दिवशी ही राइडही सुरू झाली. टुमॉरोलँडमध्ये पहिल्या दिवसापासून आजवर टिकलेली ही एकमेव राइड. अर्थात रस्ते, गाड्या, इंजिनं अनेकदा बदलली. आत्ताची रचना २००० सालच्या मोठ्या दुरुस्तीतली आहे. तरी जागा तीच आणि कल्पनाही तीच.

पहिल्या गाड्या बॉब गर यांनी डिझाइन केल्या. तेव्हा ते विशी-पंचविशीतले होते आणि शिक्षण मोटारीच्या बॉडीचं डिझाइन करण्याचं. सुरुवातीला मधली पट्टी नव्हतीच. पोरं मोकळी सुटली, एकमेकांवर आदळली, आणि थोड्याच दिवसांत बऱ्याचशा गाड्या दुरुस्तीला गेल्या. पट्टी आली ती १९६० च्या दशकाच्या मध्यावर. आपल्याकडे डिव्हायडर टाकायच्या आधीचा आणि नंतरचा रस्ता ज्यांनी पाहिलाय, त्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

उद्घाटनाचा दिवस तर तिथल्या लोकांच्या तोंडी अजून आहे. प्रचंड ऊन. प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याच्या नळांची बोंब. आणि डांबर इतकं ताजं की बायकांच्या उंच टाचा त्यात रुतत होत्या. बनावट तिकिटांवर माणसं आत शिरली ती वेगळीच. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आपल्याकडेही नेत्यांच्या हस्ते उद्घाटन आणि आदल्या रात्री डांबर, हे काय नवीन आहे?

मला स्वतःला यातली एक गोष्ट सर्वांत जास्त आवडते. अमेरिकेत देशभर महामार्गांचं जाळं उभारायचा कायदा झाला जून १९५६ मध्ये. ऑटोपिया त्याच्या जवळजवळ वर्षभर आधीची. म्हणजे त्या वेळच्या मुलांनी ज्या प्रकारचा रस्ता आधी इथे चालवला, तो खरा बाहेर बऱ्याच ठिकाणी नंतर आला. म्हणूनच तर ही राइड ‘उद्याच्या जगा’त ठेवली. उद्या म्हणजे प्रत्येकाची मोटार, सिग्नल नाही, रस्ता मोकळा. ते ‘उद्या’ आपण घाटकोपरच्या पुलावर संध्याकाळी सातला रोज बघतो. टुमॉरोलँडमध्ये या राइडवर बसून मला हसू आलं ते यामुळे. शेजारी बसलेल्या जाऊबाईंना कारण सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "वहिनी, आमच्याकडच्या फ्रीवेवरही तेच असतं, फक्त हॉर्न नसतो."

लहान मुलांसाठी आणखी छोटी गाडी होती म्हणे?

होती. १९५७ मध्ये ‘मिजेट ऑटोपिया’ नावाची, अगदी चिमुरड्यांसाठी. १९६६ मध्ये ती काढून टाकली आणि मिसुरी राज्यातल्या मार्सेलिन गावाला भेट दिली. वॉल्ट डिस्ने यांच्या बालपणीची काही वर्षं त्या गावात गेली होती. तिथे ती काही वर्षं चालली, मग थांबली.

पेट्रोलचा वास येतो हे खरं का?

येतो, चांगलाच येतो. रांगेत, फलाटावर, गाडीत, सगळीकडे. माझ्या पिढीच्या लोकांना तो लुनाच्या मागे बसून शाळेत जायचे दिवस आठवून देतो. लेकीने मात्र नाकाला रुमाल लावला. दम्याचा त्रास असलेल्यांनी विचार करूनच जावं. मानेचा, पाठीचा, हृदयाचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील तर बसू नये, तशा सूचना असतात त्या गांभीर्याने घ्या. मघाशी सांगितलेले मागचे धक्के आठवा.

इलेक्ट्रिक होणार होत्या ना?

हो. २०१६ पासून होंडा प्रायोजक आहे आणि इंजिनंही त्यांची, पण इंधन पेट्रोलच. २०२४ मध्ये डिस्नेलँडने जाहीर केलं की पेट्रोलच्या गाड्या बंद करणार आणि त्यासाठी २०२६ च्या शरद ऋतूपर्यंतची मुदत सांगितली. त्यामुळे तुम्ही कधी जाताय त्यावर सगळं अवलंबून. गाड्या बदलायच्या तर राइड काही काळ बंदही राहू शकते. निघायच्या आदल्या दिवशी डिस्नेलँडच्या ॲपवर बघा आणि मगच मुलांना कबूल करा.

तो जुना वास जाणार म्हणून हळहळणारे खूप आहेत. मला काही तसं वाटत नाही. फलाटावर आठ-आठ तास उभ्या राहणाऱ्या कर्मचाऱ्यांनी तो धूर का खावा? आवाज मात्र जाईल, त्याचं थोडं वाईट वाटेल.

वेगळं तिकीट काढावं लागतं का?

नाही, पार्कच्या प्रवेशात सगळं आलं. तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, तीन ते नऊ मुलांचं तिकीट, दहापासून मोठ्यांचं. लेकीचा दहावा वाढदिवस जूनमध्ये असेल तर मेमध्ये जा, एवढं गणित आपल्या सगळ्यांना येतं. रांग टाळण्याचा ‘लाइटनिंग लेन’चा पास वेगळे पैसे भरून मिळतो आणि त्यात ऑटोपिया येते. पण नुसत्या हिच्यासाठी तो घेऊ नका. दिवसभरात इतर मोठ्या राइड करणार असाल तर घ्या.

रांग कधी कमी असते?

इथे मुंबईकरांच्या बाजूने एक गोष्ट आहे, जेटलॅग. उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा. पहिले चार-पाच दिवस पहाटे तीनला टक्क जाग येते. मुलं तर "आई, भूक" करत उठून बसतात. बाकीचे लोक झोपलेले असताना तुम्ही आंघोळी करून तयार असता. मग डिस्नेलँड याच दिवसांत उरका, चांगलं वागून झोप पूर्ण होईपर्यंत थांबू नका. पार्क उघडताना दारात उभे राहा.

पहिल्या वेळी मी उलटं केलं. आराम केला, मग दुपारी एकला डोक्यावर ऊन घेऊन ऑटोपियाच्या रांगेत. लेक माझ्या खांद्यावर झोपली आणि नंबर आला तेव्हा उठून रडायला लागली. दुसऱ्या वेळी सकाळी गेलो आणि दोनदा बसलो.

सकाळी शहाणी माणसं मोठ्या, वेगवान राइडकडे पळतात. तुमच्याबरोबर पाच ते नऊ वर्षांची मुलं असतील तर त्यांच्यामागे पळू नका. तुमची मोठी राइड हीच. रात्री दिवे लागल्यावरही छान असते, फक्त तोवर मुलांनी जागं राहायला हवं.

मे महिना बरा की दिवाळीची सुट्टी?

जून ते ऑगस्ट त्यांच्याही शाळांना सुट्टी असते, म्हणून गर्दी. मेचा पहिला अर्धा त्या मानाने बरा. ऊन कडक असतं, पण आपल्यासारखी घामाची चिकचिक नसते, त्यामुळे कळतच नाही आणि संध्याकाळी नाक सोललेलं असतं. टोपी न्या. गाडीत छप्पर नाही. पाऊस तिकडे मुख्यतः हिवाळ्यात पडतो आणि उघड्यावरची राइड पावसात बंद ठेवतात. छत्री घेऊन मोटार चालवायची सोय नाही.

आजी-आजोबांना बसता येईल का? साडी चालेल का?

बसता येईल, गुडघे बरे असतील तर. आसन खूप खाली आहे. रिक्षात शिरतो तसं वाकून नाही, तर जमिनीवर पाटावर बसतो तसं खाली जावं लागतं, आणि उठताना धरायला फारसं काही नाही. व्हीलचेअरवरच्या व्यक्तीला खुर्चीतून गाडीत स्वतः किंवा घरच्यांच्या मदतीने यावं लागतं.

साडीचं सांगते. २०२४ ला सासूबाई आमच्याबरोबर होत्या, वय ६८, पायात स्पोर्ट्स शूज आणि अंगावर रोजची सुती साडी. पदर खोचायला सांगितला, त्यांनी कमरेला घट्ट खोचला आणि मांडीवर पर्स दाबून धरली. उघडी गाडी आहे, पदर मोकळा ठेवू नका, ओढणीसुद्धा. पहिली फेरी त्या लेकीच्या शेजारी बसल्या. दुसऱ्या फेरीला लेक म्हणाली, "आजी, तू चालव." सासूबाईंनी मुंबईत आयुष्यभर ९२ लिमिटेड बसने प्रवास केला, स्टिअरिंगला हात लावला नाही. त्या बसल्या आणि पेडल इतकं हळू दाबलं की मागे गाड्यांची रांग लागली. लेक शेजारून ओरडतेय, "आजी, दाब, दाब!" आणि आजी म्हणतायत, "अगं पुढे वळण आहे." मागच्या गाडीतल्या आजोबांनी हात हलवून, सावकाश चालू द्या, अशी खूण केली. घरी परत आल्यावर सासूबाईंनी भिशीत सांगितलं, "ब्रेक नसतो, पाय उचलला की थांबते." तांत्रिक माहिती अचूक होती.

घरचा डबा नेता येतो का?

स्वतःपुरतं खाणं नेता येतं, काचेची भांडी नकोत. दारात पिशवी तपासतात. थेपले, चिवडा, चकली यांना माझ्या अनुभवात कुणी हरकत घेतली नाही. गाडीत बसून मात्र खाऊ नका. एका हातात चकली आणि एका हातात स्टिअरिंग, म्हणजे खट्ट ठरलेलं.

आम्ही ओरलँडोला, हाँगकाँगला किंवा पॅरिसला चाललोय. तिथे आहे का?

ओरलँडोच्या मॅजिक किंगडममध्ये हिचीच बहीण आहे, ‘टुमॉरोलँड स्पीडवे’. १९७१ मध्ये तो पार्क उघडला तेव्हापासूनची. ती शर्यतीच्या धर्तीवर आहे, दृश्यं कमी. उंचीचे नियम तेच. पॅरिसमध्ये १९९२ पासून ऑटोपिया आहे. हाँगकाँगची २००६ मध्ये सुरू झाली, ती विजेवर चालायची आणि २०१६ मध्ये बंद झाली. टोकियोचीही २०१७ मध्ये बंद झाली. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला एका टूरवाल्याने हाँगकाँगच्या कार्यक्रमपत्रिकेत "मुलांसाठी कार राइड" असं बंद झाल्यावरही छापून दिलं होतं. तेव्हा पत्रिकेवर विश्वास ठेवू नका, पार्कच्या ॲपवर बघा.

त्यापेक्षा लेगोलँड बरं का?

मुलाला खरोखर स्वतः चालवायचं असेल तर हो. सॅन डिएगोच्या वाटेवर कार्ल्सबाडला लेगोलँड आहे. तिथल्या ‘ड्रायव्हिंग स्कूल’मध्ये ६ ते १३ वयाची मुलं एकटी विजेच्या गाडीत बसतात. मध्ये पट्टी नाही. सिग्नल आहेत, थांबायच्या पाट्या आहेत. आधी नियम समजावतात. ३ ते ५ वयासाठी वेगळी छोटी आहे. पण आईवडिलांनी कुंपणाबाहेर उभं राहायचं. ऑटोपियात शेजारी बसता येतं. कोणतं हवं ते तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही दोन्ही केलं आणि लेकीला लेगोलँड जास्त आवडलं, हे प्रामाणिकपणे सांगते. मला ऑटोपिया.

मुंबईत असं काही नाही का?

पट्टीवरून चालणारी पेट्रोलची गाडी मी तरी पाहिलेली नाही. आमच्या लहानपणी गोराईला बोटीने जायचं ते एस्सेलवर्ल्ड, १९८९ मध्ये सुरू झालेलं. तिथल्या डॅशिंग कारसाठी आम्ही भाऊबहिणी भांडायचो. ते आता बंद आहे. चौपाट्यांवर आणि मॉलमध्ये बॅटरीवरच्या गाड्या असतात, रिमोट मात्र काकांच्या हातात. माउंट मेरीच्या जत्रेत आकाशपाळणा मिळेल, रस्ता मिळणार नाही.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे. आवडेल?

नाही. त्याला दुसऱ्या रांगेत पाठवा आणि तुम्ही दोघं बसा.

गाडीचा रंग निवडता येतो का?

नाही. फलाटावर जी समोर येईल ती आपली. गाड्यांचे तीन नमुने आहेत, एक स्पोर्ट्स, एक छोटी आणि एक जीपसारखी. लेकीला लाल स्पोर्ट्स हवी होती, वाट्याला आली हिरवी जीप. पहिली दहा सेकंद ओठ बाहेर काढून बसली होती. मग पुढची गाडी हलली.